गेल्या जन्माचं देणं

दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून पाऊण तास होत आला होता. व्हाळाच्या कडेला आम्ही पंधरा-वीस माणसं उभी, भटजी मधूनमधून घड्याळ बघतायत आणि समोरच्या ऐनाच्या फांदीवर दोन कावळे बसून आमच्याकडे बघतायत. गेलेला मुलगा चोवीस वर्षांचा. महामार्गाचं चौपदरीकरण चालू होतं तेव्हाची गोष्ट. रात्री कामावरून मोटारसायकलने घरी येताना, रस्ता जिथे डावीकडे वळवला होता तिथे तो सरळ गेला. सरळ रस्ता नव्हताच, मोरीसाठी खणलेला चर होता. फलक नाही, दिवा नाही. वाळूची चार पोती आडवी टाकलेली होती, ती पावसाने पार बसली होती.

"तुझ्या आवशीक आम्ही बघतलों," कुणीतरी हात जोडून मोठ्याने सांगितलं. कावळे हलले नाहीत. "गाडीचे हप्ते आम्ही भरतलों." तरी नाही. मग चुलता पुढे झाला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बहिणीचां लगीन माझ्या चेडवासारखां करून देतलंय." एक कावळा खाली उतरला, पिंडाला चोच लावून उडाला. सगळ्यांचा श्वास मोकळा झाला.

परतताना वाडीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्या बरोबर चालत होते. माणूस मोठ्या मनाचा. मयताच्या लाकडांपासून दहाव्याच्या दर्भापर्यंत सगळं त्यांनीच उभं राहून केलेलं. ते म्हणाले, "तेचां आयुष्यच तेवढां. गेल्या जल्माचां देणां होतां, तां फेडून गेलो." पुढच्या-मागच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी बरं वाटलं. मग आम्ही सगळे त्याच चराच्या कडेने, एकमेकांना सांभाळून घेत, घरी आलो. पोती तशीच होती.

रात्री एक गोष्ट टोचायला लागली. पिंडासमोर आम्ही त्याला आईचं वचन दिलं, बहिणीचं दिलं, बँकेच्या हप्त्यांचंही दिलं. चराचं कोणी काही बोललं नव्हतं.

पुनर्जन्म आहे की नाही, हे ठरवायला मी बसलेलो नाही. तो वाद माझ्या कुवतीबाहेरचा आहे, आणि ज्यांनी तो सोडवल्याचा दावा केला त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. मला बोलायचंय ते त्या शब्दांच्या वापराबद्दल. कर्माचा हिशेब माणसाने आपला आपण मांडायचा असतो. दुसऱ्याच्या मयतीवर उभं राहून त्याचा हिशेब आपण मांडला, की मेलेल्याच्या नावावर देणं चढतं आणि जिवंत माणसं मोकळी होतात. आपल्याकडे हे इतक्या सहज होतं की यात कोणी सुटलं, हे सुटणाऱ्यालाही कळत नाही.

हा विचार मी कुठून बाहेरून आणलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदात एक प्रसंग आहे. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला एकेक जण प्रश्न घालतोय. आर्तभाग विचारतो की माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मन चंद्रात, शरीर पृथ्वीत, केस वनस्पतींत. मग तो माणूस राहतो कुठे? एरवी भर सभेत भल्याभल्यांना गप्प करणारा याज्ञवल्क्य इथे वेगळाच वागतो. तो म्हणतो, बाबा रे, हात दे इकडे, हे आपण दोघांनीच जाणू या, हे 'सजन' म्हणजे माणसांच्या गर्दीत बोलायचं नाही. दोघे उठून बाहेर जातात. काय बोलले? उपनिषद एवढंच सांगतं की ते बोलले ते कर्माबद्दल बोलले. पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापकर्माने पापी.

कर्मविचाराच्या अगदी आरंभीच्या जागांपैकी ही एक, आणि ती अशी हात धरून सभेबाहेर नेलेली आहे. पंडितांनी या एकांताचे अनेक अर्थ लावलेत. मला त्यात साधा शहाणपणा दिसतो. हा विषय चारचौघांत काढला की लोक आधी शेजाऱ्याकडे बघणार.

तसंच झालं. छांदोग्य उपनिषदात कर्म सभेत आलेलं आहे. तिथे चांगल्या वागणुकीचे लोक ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य अशा योनीत जन्मतात आणि घाणेरड्या वागणुकीचे कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. एका ओळीत माणसाला कुत्र्या-डुकरांच्या पंक्तीला बसवलं, आणि वर त्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. मी कसं वागावं हा प्रश्न मागे पडला, समोरचा असा का जन्मला याचं उत्तर तेवढं तयार झालं.

पुनर्जन्म पूर्वेचा आणि एकच जन्म पश्चिमेचा, ही वाटणी शाळेच्या पुस्तकापुरती ठीक आहे. देहाची राख झाल्यावर परत येणं कुठलं, असं विचारणारे चार्वाक इथलेच. आणि मार खाणाऱ्या कुत्र्याच्या केकाटण्यात मेलेल्या मित्राचा आवाज ओळखू आला म्हणून 'मारू नकोस' म्हणणारा पायथागोरस ग्रीक. (ही गोष्ट त्याची टिंगल करण्यासाठी सांगितली गेली होती, पण टिंगल करायला तरी तसा समज प्रसिद्ध असावा लागतो.) प्लेटोने 'रिपब्लिक'च्या शेवटी एर नावाच्या सैनिकाची कथा घातली आहे. एर लढाईत पडतो, दहाव्या दिवशी प्रेतं उचलतात तेव्हा त्याचं शरीर तेवढं न कुजलेलं सापडतं, आणि बाराव्या दिवशी चितेवर तो जिवंत होतो. दहावा नि बारावा! आमच्या भटजींना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. योगायोगच तो, पण ऐकायला गंमत वाटते.

एर परलोकात पाहून आलेलं सांगतो. आत्म्यांपुढे पुढच्या जन्मांचे नमुने मांडलेले असतात, ज्याने त्याने आपला निवडायचा, आणि बजावून सांगितलेलं असतं की दोष निवडणाऱ्याचा, देवाचा नाही. पहिला नंबर लागलेला आत्मा धावत जाऊन सर्वांत मोठ्या हुकूमशहाचा जन्म उचलतो. नीट बघतो तेव्हा त्या जन्मात आपलीच मुलं खाणं लिहिलेलं असतं. मग तो ऊर बडवतो आणि नशिबाला, देवांना, सगळ्यांना दोष देतो, स्वतःला सोडून. प्लेटो वर हेही सांगतो की हा आत्मा वाईट नव्हता. चांगल्या व्यवस्थेच्या गावात सवयीने सज्जन राहिलेला होता. त्या वाक्यापाशी मी दरवेळी थांबतो. आमची वाडी सवयीने सज्जन आहे.

आपत्ती आली की हे सगळं उघड्यावर येतं.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने पडलं. दिवस सर्व संतांच्या सणाचा, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप, लाट आणि आग तिन्ही एकामागून एक. युरोपभर धर्मोपदेशकांनी हा पापाचा दंड ठरवला. व्होल्तेअरने संतापून कविता लिहिली की लिस्बनची पापं पॅरिस-लंडनहून जास्त होती काय. हे सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त मोलाचं वाटतं ते रूसोने पुढच्या वर्षी व्होल्तेअरला लिहिलेलं पत्र. त्यात तो म्हणतो की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं त्या जागी निसर्गाने नेऊन गोळा केली नव्हती. रूसो देवाच्या बाजूने भांडत होता हे खरं, पण भांडता भांडता त्याने प्रश्न आकाशातून काढून नगररचनेत आणून ठेवला.

आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला. गांधीजी तेव्हा हरिजन दौऱ्यावर होते. त्यांनी सांगितलं की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. टागोरांनी तरीही जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो आपल्याच 'हरिजन'मध्ये उत्तरासह छापला, हेही त्या काळाचं मोठेपण. टागोरांचं एक म्हणणं फार नेमकं होतं: हा युक्तिवाद विरोधकांच्या हातात जास्त शोभतो. उद्या सनातनी म्हणतील की अस्पृश्यता मोडायला निघालात म्हणून भूकंप झाला, त्यांना तुम्ही काय सांगणार? दैवाचं बोट कोणाकडे आहे हे सांगण्याचा अधिकार एकदा मान्य केला, की तो गावात ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो. गांधीजींवर माझी श्रद्धा आहे, आणि या एका वादात मी पूर्णपणे टागोरांच्या बाजूचा आहे.

आता घरचं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसं वाहून गेली. धरण गळतंय, असं गावकरी आधीपासून सांगत होते. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण दिलं. महाराष्ट्र हसला, आंदोलकांनी खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन दिले. मीही हसलो. नंतर वाटलं, मंत्र्यांचा खेकडा आणि आमच्या वाडीचं गेल्या जन्माचं देणं यांत फरक किती? दोन्हींना समन्स बजावता येत नाही. उलट खेकडा निदान याच जन्मातला. चिखलात हात घालून तो आहे की नाही हे बघता तरी येतं.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. दोन वर्षांनी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडी. पाऊस जास्त पडला हे खरं. पाऊस कोणाच्या हातात नाही हेही खरं. पण वाडी डोंगराच्या कुशीत कुठे आहे, तिथवर रस्ता जातो का, वरच्या उतारावर काय तोडलंय नि काय खणलंय, भेग पडली तेव्हा कोणी कोणाला कळवलं, हे सगळं माणसांच्या हातातलं आहे. रूसोने लिस्बनबद्दल जे विचारलं ते इथे जसंच्या तसं विचारता येतं. सरकारी कागदावर मात्र 'नैसर्गिक आपत्ती' असतं. शब्द चुकीचा नाही, अर्धा आहे.

कुणी म्हणेल, कर्मसिद्धान्त मानला की असंच होणार. नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न बुद्धाला विचारला गेला होता. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, विचारतो: काही लोक म्हणतात की माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळे, आपलं काय मत? बुद्ध आठ कारणं सांगतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचं एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, स्वतःची नीट काळजी न घेणं, दुसऱ्याकडून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचं फळ. जे सगळं पूर्वकर्मावर घालतात ते स्वतःला कळणाऱ्या आणि जगाला दिसणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे जाऊन बोलतात, ते चूक करतात, असं तो स्पष्ट सांगतो. कर्म आणि पुनर्जन्म मानणाऱ्या परंपरेच्या मुखातून हे आलंय. आठातलं एक कारण, आणि तेही शेवटी. आमच्या वाडीत ते पहिलं येतं नि बाकीची सात यायच्या आत माणसं घरी जातात.

येशूच्या शिष्यांनीही हाच प्रश्न विचारला होता, जन्मांध माणसाकडे बोट दाखवून: पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? जन्मांध माणसाने जन्माआधी पाप कधी केलं असणार, हे विचारणाऱ्यांना सुचलं नसेल असं नाही. उत्तर मिळालं, यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे तो त्या माणसाच्या डोळ्यांना चिखल लावून त्याला धुऊन यायला सांगतो.

पण गेल्या जन्मी पाप करणारा आणि या जन्मी शिक्षा भोगणारा तोच कशावरून, हा खरा अवघड प्रश्न राहतोच. इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक याने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर एक आख्खं प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं, माणूस तोच आहे हे आत्म्यावरून ठरत नाही, जाणिवेवरून ठरतं. सॉक्रेटिसचा आत्मा माझ्यात आहे असं कोणी म्हणालं, पण सॉक्रेटिसने केलेलं काहीच त्याला आपलं म्हणून आठवत नसेल, तर तो सॉक्रेटिस नाही. आणि जे आठवतच नाही त्याची शिक्षा हा कसला न्याय? चोवीस वर्षांच्या त्या मुलाला गेला जन्म आठवत नव्हता. त्या रात्री त्या ठिकाणी पोती कोणी टाकली आणि वर दिवा का लावला नाही, हे मात्र एखाद्याला आठवत असेल.

लॉकचा युक्तिवाद मला पटतो, पण पुरा पडत नाही. दारूच्या नशेत गाडी चालवणारा उद्या म्हणेल, मला काही आठवत नाही. तिथे मला आपल्याकडचा जुना दाखला बरा वाटतो. ग्रीक राजा मिलिंद नागसेन भिक्खूला विचारतो, जन्म घेणारा जर तोच नसेल तर मागच्याच्या पापातून तो सुटलाच की. नागसेन म्हणतो, एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. राजापुढे उभा केल्यावर चोर म्हणाला, महाराज, याने लावले ते आंबे वेगळे नि मी तोडले ते आंबे वेगळे, मी याचे काही चोरलेले नाही. त्याला सोडाल? मिलिंद म्हणतो, नाही. कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच झाले. हा दाखला कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आज्याने लावलेल्या कलमाचा आंबा नातू खातो. आंबा तोही नाही आणि दुसराही नाही.

हे मागे बघण्यापेक्षा पुढे बघायला जास्त उपयोगी आहे, असं माझं मत. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चिऱ्याची खाण काढली, पाणी जिरायची जागा गेली, तर वीस वर्षांनी विहीर आटेल ती कोणाची? खाण काढणारा म्हणेल, तेव्हाची माणसं वेगळी, मी त्यांचं काय घेतलं? आंबेचोराचं उत्तर आहे ते. पुनर्जन्म खरा मानणाऱ्याने तर दुप्पट घाबरायला हवं. परत जन्म घ्यायचाच आहे, आणि तो बहुधा याच गावात, पण घर कुठलं मिळेल हे माहीत नाही. खाणमालकाचं की खालच्या वाडीतलं? अमेरिकी तत्त्ववेत्ता जॉन रॉल्स याने १९७१ मध्ये हीच कल्पना पडद्याआड बसून नियम ठरवण्याच्या रूपात मांडली: आपण कोण असणार हे माहीत नसताना जे नियम तुम्ही मान्य कराल ते न्यायाचे. त्याला त्यासाठी पडदा कल्पावा लागला. आपण तर तो पडदा खरा मानतो, आणि तरी खाणीच्या परवान्यावर सही करताना तो आठवत नाही.

जन्म नि प्रारब्ध यांची सर्वांत महागडी किंमत या किनाऱ्यावर कोणी दिली असेल तर ती कुळांनी. खोताची जमीन, कुळाची मेहनत, पीक आलं की अर्ध्याच्या वर खोताकडे, वर फुकटची वेठ. कुळाच्या घरी जन्मला तो कूळ. पिढ्यान्‌पिढ्या याला नशीब म्हटलं गेलं. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतं न कसण्याचा संप पुकारला तो १९३९ पर्यंत चालला. लोक लाकडं विकून, मिळेल ते खाऊन जगले, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला तो १९४९ ला. एवढी वर्षं जे प्रारब्ध होतं ते एका कायद्याने गेलं. मग ते प्रारब्ध कसलं? तोही एक कायदाच होता, फक्त लिहिणाऱ्यांची नावं लोक विसरले होते.

आंबेडकर मूळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथेच मनुस्मृती जाळली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धान्ताबद्दल ते विचारतात की हा कशासाठी काढला असेल. आणि उत्तर देतात की गरिबांच्या, खालच्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला नि समाजाला टाळता यावी, याखेरीज दुसरा हेतू दिसत नाही. बुद्धाच्या नावावरून आंबेडकरांनी गेल्या जन्माचं कर्म काढून टाकलं ते मूळ पाली ग्रंथांना धरून आहे का, यावर अभ्यासक भांडतात. भांडू देत. महाडच्या तळ्याकाठी ज्यांना जनावरांपेक्षा खालचं ठरवलं गेलं, त्यांच्या बाजूने हा सिद्धान्त कसा दिसतो हे सांगायचा अधिकार त्यांचाच होता.

आता माझ्या म्हणण्याची दुबळी बाजू. त्या मुलाच्या आईला मी एकदा सांगायला गेलो होतो. चूक केली. म्हटलं, तिथे फलक असता तर... तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, "फळी आसती तर माझो झील वाचलो आसतो, ह्यां रोज सकाळी उठून मी कशी सोसू? माका म्हणां दी, तेचां तेवढांच होतां."

मी गप्प झालो. अजूनही यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर असावं असंही वाटत नाही. टळू शकलं असतं, हा विचार आईच्या छातीवर ठेवायचा नसतो. प्रारब्ध हा शब्द तिच्या तोंडी औषध आहे. तोच शब्द कंत्राटदाराच्या तोंडी पळवाट होतो, इंजिनिअरच्या तोंडी अहवाल, आणि आमच्या, म्हणजे वाडीच्या, तोंडी आळस. वाक्य एकच, ते कोण बोलतंय यावर त्याचं पाप-पुण्य ठरतं. म्हणून पुनर्जन्म ही अंधश्रद्धा आहे असं म्हणत सरसकट झाडू मारायला निघालेल्यांबरोबर मी जाणार नाही. त्यांच्यापाशी त्या आईला द्यायला काही नाही.

आणि शास्त्राने पाहिलं तरी प्रारब्ध म्हणजे काय? वेदान्तात सुटलेल्या बाणाचा दृष्टान्त आहे: धनुष्यातून निघालेला बाण परत घेता येत नाही, भात्यातले अजून हातात आहेत. बाण सुटला की नाही, हे तो लागेपर्यंत आपल्याला कुठे कळतं? प्रारब्ध घडून गेल्यावरच ओळखू येतं. चर खणताना, फलकाचे पैसे वाचवताना ते कोणालाच दिसत नसतं, म्हणून तिथे त्याचं नाव घेता येत नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिताना कर्मविपाकाच्या जोडीला आत्मस्वातंत्र्य ठेवून एक सबंध प्रकरण केलं, ते उगाच नव्हे. कर्माच्या साखळीने माणूस जखडलेलाच असेल तर अर्जुनाला 'ऊठ' सांगण्यात अर्थ काय? व्यवहारात तर कोकणी माणूस इतका प्रारब्धवादी नाहीच. हापूसच्या मोहोराला कोणी नशिबावर सोडत नाही. तुडतुड्यासाठी फवारणी वेळेवर होते, कर्ज काढून होते.

आपल्या रीतींतही ही गाठ आहे. परशुराम गावाजवळच्या पेढे गावात जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात लिहून ठेवलंय की पुनर्जन्म नि कर्मविपाक पक्के मानणाऱ्याला श्राद्धाशी मेळ घालणं जड जाईल. मेलेला आपापल्या कर्माप्रमाणे दुसरीकडे जन्मला असेल, तर इथला भाताचा पिंड पोहोचतो कोणाला? तर्काने याला उत्तर नाही. आपण दोन्ही करतो, म्हाळही घालतो आणि पुनर्जन्मही मानतो. मला या विसंगतीत काही वाईट दिसत नाही, उलट त्यातलं श्राद्धच मला जास्त शहाणं वाटतं. पुनर्जन्म म्हणतो, ज्याचं त्याने भोगावं. पिंड म्हणतो, त्याचं राहिलेलं आम्ही करू. कावळा काही त्या मुलाचं संचित मोजायला उतरला नव्हता. चुलत्याने बहिणीचं नाव घेतलं तेव्हा उतरला. आणि देवळात गाऱ्हाणं घालताना चुकल्यामाकल्याची माफी मागतो तो गुरव एकट्याची मागत नाही, गावाची मागतो, आणि मागून आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की ज्याची चूक त्याने बघावं.

दहाव्यानंतर आठवडाभराने वाडीतल्या पोरांनी डांबराची दोन रिकामी पिंपं चुन्याने रंगवून चराच्या तोंडाशी ठेवली. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. पहिलं उत्तर आलं की मागितलेली माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. अपील केलं. दुसरं आलं ते वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी: सदर ठिकाणी सुरक्षा उपाययोजना करण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असून, कंत्राटदाराने ते काम पोटकंत्राटदारास दिले होते.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर ओटीवर पान खात बसलो होतो. शेजारी तेच गृहस्थ. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत लावला, आणि कागद पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत बोट फिरवत वाचला. मग उलटा करून मागची कोरी बाजू बघितली.

"आणि ह्या पोटकंत्राटदाराचां नाव?" ते म्हणाले. "तां खंय आसा हेच्यात?"